कॉलसाइनपुढची तिरकी रेघ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणपतीला मुंबईहून खारेपाटणला आलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, परसातल्या माडाला अँटेनाची तार बांधतो, सेट लावतो आणि अडतो तो एकाच प्रश्नावर: आता कॉलसाइनला, म्हणजे हवेतल्या आपल्या ओळखीला, काय जोडायचं? स्ट्रोक (म्हणजे तिरकी रेघ) पी, स्ट्रोक एम, की काहीच नाही? नव्याने परवाना मिळालेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो.

गैरसमज: जोड हा कॉलसाइनचाच भाग असतो.
वस्तुस्थिती: परवान्यावर लिहिलेली असते तेवढीच कॉलसाइन. राजीव गांधींची होती व्हीयू२आरजी. व्हीयू म्हणजे भारत, मग एक अंक, मग स्वतःची अक्षरं. रेघेपुढचा जोड फक्त ऐकणाऱ्याला परिस्थिती सांगतो. पी म्हणजे तात्पुरती जागा, एम म्हणजे चालतं वाहन, एमएम म्हणजे समुद्रावरचं जहाज आणि एएम म्हणजे विमान.

गैरसमज: गाव किंवा जिल्हा बदलला की अंकही बदलून सांगायचा.
वस्तुस्थिती: अमेरिकेतले अंक मुळात विभागांप्रमाणे दिलेले, त्यावरून ही समजूत आली असावी. आपल्याकडे व्हीयू२ म्हणजे जनरल आणि व्हीयू३ म्हणजे रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना. खारेपाटण सिंधुदुर्गाच्या वेशीवर, पलीकडे लगेच राजापूर तालुका, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. पण महामार्गाने वेस ओलांडली म्हणून कॉलसाइनमधलं एक अक्षरही हलत नाही. अपवाद बेटांचा: अंदमान-निकोबारसाठी व्हीयू४ आणि लक्षद्वीपसाठी व्हीयू७.

गैरसमज: स्ट्रोक पी म्हटलं की कुठूनही बोलायची मुभा मिळाली.
वस्तुस्थिती: हा सर्वांत घातक समज. मुभा परवान्यातून मिळते, जोडातून नाही. भारतात हौशी रेडिओचा कारभार १९७८ च्या नियमांवर आणि त्यांतल्या पुढच्या दुरुस्त्यांवर उभा राहिला. सेट घराबाहेर, गाडीत किंवा होडीत न्यायचा तर आपल्या परवान्यातल्या अटी आधी वाचाव्यात. शंका असेल तर केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाला विचारावं.

गैरसमज: कमी शक्तीवर बोलताना स्ट्रोक क्यूआरपी लावलंच पाहिजे.
वस्तुस्थिती: मोर्समध्ये पाच वॅटपर्यंतच्या प्रसारणाला क्यूआरपी म्हणण्याचा प्रघात आहे, तो कॉलसाइनचा नियम नव्हे. उलट हा जोड लावल्याने नुकसानच होतं. नुसती तिरकी रेघ मोर्समध्ये डा-डिट-डिट-डा-डिट अशी पाच ठोक्यांची. त्यापुढे आणखी तीन अक्षरं. आधीच क्षीण असलेला संदेश लांबतो आणि समोरच्याकडून मूळ कॉलसाइन निसटते. शक्ती किती, ते संपर्क जुळल्यावर सांगता येतं.

गैरसमज: परदेशात गेलं की आपल्या कॉलसाइनला त्या देशाची अक्षरं लावली, झालं.
वस्तुस्थिती: युरोपात बऱ्याच देशांनी एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत. तिथला पाहुणा यजमान देशाची अक्षरं स्वतःच्या कॉलसाइनच्या आधी लावतो. जर्मनीत डीएल, मग रेघ, मग कॉलसाइन. भारत या व्यवस्थेत नाही. लेकीकडे जर्मनीला निघालेल्या इथल्या हॅमने तिथल्या परवानगीची सोय आधी करावी.

जोड कधी लावावा? नियमाने किंवा परवान्याने सांगितलं असेल तेव्हा चुकवू नये. एरवी ऐकणाऱ्याला उपयोग होणार असेल तरच लावावा. कॉलसाइन मात्र दर वेळी पूर्ण आणि सावकाश सांगावी, आणि वहीत तारखेपुढे ठिकाण लिहावं: खारेपाटण.