वाडग्यातला जपान, लेखांक ४ : झटपट पोर्क रामेन आणि रश्श्याचे अंग

पिठात अल्कधर्मी क्षार मिसळल्याने रामेनच्या नूडल्सना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो, हे मागच्या लेखांकात पाहिले. आता प्रश्न असा की, पाकिटातल्या नूडल्स वापरून घरी केलेल्या पोर्क रामेनला रामेन म्हणावे का? जरूर म्हणावे, मात्र नूडल्समध्ये वाचलेला वेळ रश्श्याला द्यायला हवा. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळच्या इकेदा इथे नूडल्स तळून वाळवण्याची रीत बसवली. तळताना पाण्याची वाफ होऊन मागे बारीक छिद्रे राहतात. पुढे उकळते पाणी त्यांतून आत शिरते आणि नूडल्स तीन मिनिटांत शिजतात. नूडल्सचे काम असे कारखान्यातच बरेचसे उरकलेले असते. मसाल्याच्या पुडीतून चव आणि खारटपणा मिळतो, पण दाटपणा मिळत नाही. तो आपण द्यायचा.

हा दाटपणा कशाचा, हे क्यूशू बेटावरच्या तोन्कोत्सु रामेनवरून कळते. तिथे डुकराची हाडे तासन्‌तास खळखळ उकळतात. हाडांतल्या आणि सांध्यांतल्या कोलॅजेनचे जिलेटिन होते, चरबीचे बारीक थेंब होतात आणि जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. आपल्या मटणाच्या रश्श्यावर तरी वेगळी तरंगते. इथे चरबी रश्श्यातच सामावते आणि तो दुधट होतो. घरी पंधरा मिनिटांत एवढे जिलेटिन सुटणे शक्य नाही. पण थेंब धरून ठेवायचे काम दुसऱ्याकडे सोपवता येते. बिनसाखरेच्या सोया दुधातली प्रथिने आणि लेसिथिन नेमके तेच करतात.

म्हणून एका माणसासाठी थोडी चरबी असलेला १०० ग्रॅम पोर्क खिमा कोरड्या पातेल्यात परतावा. चरबी सुटून खिमा तांबूस झाला की आले-लसूण आणि चमचाभर मिसो घालावे, मग ३०० मिलिलिटर पाणी आणि एक सुके शिताके मशरूम. दहा मिनिटे जोरात उकळू द्यावे. पुडीतला अर्धाच मसाला घालून आच मंद करावी आणि शेवटी १०० मिलिलिटर सोया दूध ओतावे. मिठाच्या रश्श्यात ते खळखळ उकळले तर फाटते. नूडल्स वेगळ्या पाण्यात शिजवून निथळून घ्याव्यात. तळणीचे थोडे तेल आणि सुटलेला स्टार्च त्या पाण्यातच राहतो.

अर्ध्या मसाल्यात चव फिकी पडेल, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर जपानी संशोधनातच आहे. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री वनस्पतीतले ग्लुटामेट ओळखले, तर शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये सुकवलेल्या बोनितो माशातले इनोसिनेट. ही दोन एकत्र आली की उमामी चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. मिसोत ग्लुटामेट असते, पोर्कमध्ये इनोसिनेट आणि सुक्या शिताकेत याच कामाचे ग्वानिलेट. त्यामुळे मीठ कमी करूनही चव भरलेली लागते. हे महत्त्वाचे आहे, कारण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि एकच पाकीट त्यातला मोठा वाटा घेते. अर्थात मिसोही खारट असते, म्हणून चव पाहूनच मसाला वाढवावा. एवढे करूनही हे रोजचे जेवण नव्हे, हेही मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. हाडांचा गंध आणि ओठांना जाणवणारा चिकटपणा या रश्श्यात येणार नाही, हे खरेच. पण खुद्द रामेन चिनी नूडल्सना जपानी चव देत घडला. हाताशी असलेल्या जिनसांतून नवा वाडगा उभा करणे ही त्याची जुनी वाट आहे. रश्श्यातला प्रत्येक घटक काय काम करतो हे कळले, की बदल करायला धीर येतो. पुढच्या लेखांकात सोया सॉसमध्ये मुरवलेल्या अंड्याकडे वळू.