जाड गोलसर अक्षराचे वळण

अक्षराची कामे दोन : वाचून दाखविणे आणि हाक मारणे. पुस्तकातील बारीक टाइप पहिले काम मुकाट्याने करतो. दुकानाचा फलक, नाटकाची जाहिरात किंवा मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ यांना मात्र दुरून हाक मारावी लागते. त्यासाठी घडविलेल्या वळणांत जाड, गोलसर अक्षराचा मान मोठा आहे.

देवनागरीचे जुने वळण बोरूतून आले. बोरूचे टोक तिरपे कापलेले असल्याने रेघ कोठे जाड, कोठे बारीक उमटते. फलक दूर असला की बारीक भाग आधी दिसेनासा होतो. जाड वळणात हा भेद पुष्कळसा काढून टाकतात. म्हणून अक्षर लांबूनही भरीव दिसते, आणि गोलाईमुळे ते दरडावीत नाही, जवळचे वाटते.

या जातीचा चांगला नमुना म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांचा ‘बालू’. किपलिंगच्या गोष्टीतील अस्वलाचेच हे नाव. २०१६ च्या सुमारास तो अनेक भारतीय लिप्यांत सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाला. त्याच्या कन्नड रूपाचे नाव ‘बालू तम्मा’. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना या भावंडांचे महत्त्व सहज उमगेल. कन्नड अक्षर मुळातच वाटोळे, तर देवनागरी शिरोरेघेला टांगलेले व उभ्या दंडाचे. कन्नडचे ओत्तक्षर खाली जागा मागते; देवनागरीला वर वेलांटी व खाली उकार हवा. दोन्ही लिप्यांची जाडी व गोलाई एकाच हाताने जुळविली, तरच एका फलकावर त्या शेजाऱ्यांसारख्या नांदतात.

परंतु जाडीला मर्यादा आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक शिरोरेघेजवळच्या लहानशा फटीचा. अक्षर लहान करून जाड ठेवले की ती फट बुजते, आणि ‘धन’चे ‘घन’, ‘भात’चे ‘मात’ होते. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानांच्या फलकांवर ६० टक्के भाग कन्नडचा असावा लागतो. उरलेल्या भागात मराठी, आणि पुष्कळदा इंग्रजीही, बसवावयाची असते. अशा वेळी सर्वांत जाड अक्षराचा हट्ट धरल्यास मराठी मजकूर दिसतो, पण वाचता येत नाही. ‘बालू’च्या पुढील आवृत्तीत साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच जाड्या दिलेल्या आहेत. जागा थोडी असेल तर शब्द कमी करावेत, त्यांतील मधली जाडी निवडावी व अक्षरांभोवती मोकळीक ठेवावी. लांब मजकुराला तर हे वळण वापरूच नये. ओळीमागून ओळ जाड आली की डोळा थकतो.

फलक पक्का करण्यापूर्वी त्याचा नमुना रस्त्याच्या पलीकडून एखाद्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावा. तो जेथे अडखळेल, तेथील फट मोकळी करावी.