पुनर्मीलनाचा ताण

सैनिकाच्या कुटुंबावरील ताण म्हणजे विरहाचा ताण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रूबेन हिल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९४९ चा ग्रंथ तिला छेद देतो. दुसऱ्या महायुद्धाची झळ लागलेल्या, आयोवा राज्यातील १३५ कुटुंबांच्या पाहणीवर तो आधारलेला आहे. घटना स्वयमेव संकट ठरत नाही. कुटुंबाची साधने व त्या घटनेस त्याने दिलेला अर्थ यांवर ते अवलंबून असते, असे हिलचे प्रतिपादन.

पती युद्धावर असता हिशेब, मुलांची शिस्त, घराची डागडुजी पत्नी सांभाळते. तो परतला म्हणजे ही कामे कोणाची, हा प्रश्न नित्य उपस्थित होतो. परवानगी मागताना मूल सवयीने आईकडेच वळते. प्रसंग क्षुल्लक खरा. पण बापाच्या मनाला तो लागतो. गैरहजेरीत ज्या घराने त्याची जागा पुरती भरून काढली, त्यास पुनर्मीलन अधिक जड जाते.

मग जागा राखून ठेवावी काय? व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांचा पॉलीन बॉस यांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यास केला, तेव्हा उलट चित्र दिसले. जो परतेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याची जागा मनात अडवून ठेवणाऱ्या घराचे दैनंदिन व्यवहार खोळंबतात. हिलच्या निष्कर्षाची मर्यादा, आमच्या मते, हीच: त्यामागील पुरुष परत आलेले होते.