घरातली यंत्रं : भाग ७
फ्रीज 'टक्' करतो, पण उठत नाही

मागच्या भागात फ्रीज चालू असूनही थंडावा का धरत नाही, ते पाहिलं. आज त्याच्या अलीकडची अडचण. आतला दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर काही सुरू होत नाही. मागून क्षणभर घुंई ऐकू येते, मग 'टक्', की सगळं बंद. काही मिनिटांनी पुन्हा तेच.

पवनीत एप्रिल-मे महिन्यांत ही तक्रार आली, तर पहिला संशय व्होल्टेजवर घ्यावा. वैनगंगेकाठच्या या गावात ऊन पेटलं, की घरोघरी कूलर लागतात आणि लाइनवरचा भार वाढतो. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १८० व्होल्ट झाले, तर जोर उरतो जेमतेम ६१ टक्के. कॉम्प्रेसर घुमतो, पण फिरत नाही, आणि करंट मात्र भरमसाट ओढतो. तो तापू नये म्हणून ओव्हरलोड सर्किट तोडतो, तोच हा 'टक्'. म्हणून आधी सॉकेटमध्ये मीटर लावून व्होल्टेज बघा, तेही फ्रीज सुरू व्हायच्या क्षणी.

लाइट जाऊन लगेच आली असेल, तर फ्रीज किमान पाच मिनिटं बंद ठेवा. नळ्यांमधला गॅसचा दाब तोवर समान होतो. शिवाय साध्या फ्रीजमधला पीटीसी रिले गरम असेपर्यंत स्टार्ट वाइंडिंगला पुरता करंट जाऊच देत नाही. तो निवायला हवा.

एवढं करूनही फरक नसेल, तर मेकॅनिकला बोलवा. प्लग काढून, कपॅसिटर असल्यास तो डिस्चार्ज करून, तो बाजूचं झाकण उघडेल. रिले कानाशी हलवून बघावा. आत खुळखुळ वाजलं, तर चकती फुटली आहे. रिले आणि ओव्हरलोड, दोन्ही कॉम्प्रेसरच्या मानाने फार स्वस्त आहेत.

मग येतात कॉम्प्रेसरच्या तीन पिना: कॉमन, स्टार्ट, रन. कॉमन-रन १५ ओहम आणि कॉमन-स्टार्ट २५ भरला, तर स्टार्ट-रन ४० च्या आसपास यायला हवा. बेरीज जुळत नसेल किंवा कुठलीही पिन बॉडीला लागत असेल, तर वाइंडिंग खरंच गेलं. वाइंडिंग ठीक, रिले नवा, व्होल्टेज पुरेसं, तरी उठत नसेल, तर कॉम्प्रेसर आतून जाम झाला आहे.

इन्व्हर्टर फ्रीजला ही बेरीज लागू नाही. तिथे तिन्ही जोड्यांचं रीडिंग सारखं येतं आणि दोष बऱ्याचदा ड्रायव्हर बोर्डात निघतो. त्या कॉम्प्रेसरला थेट मेन लाइन जोडू नये, तो जळतो. लेबलवर आर ६००ए लिहिलं असेल, तर आतला गॅस ज्वालाग्राही आहे. नळीला ज्योत लावण्याआधी तो नीट बाहेर काढलाच पाहिजे.

'कॉम्प्रेसर गेला' हे ऐकून हजारो रुपये मोजण्याआधी मेकॅनिकला तीनच गोष्टी विचारा: व्होल्टेज किती होतं, रिले तपासला का, पिनांचं रीडिंग काय आलं? नीट काम करणाऱ्याकडे तिन्ही उत्तरं असतात.

पुढच्या भागात : स्टॅबिलायझर कधी लागतो आणि किती क्षमतेचा घ्यावा.