आल्मान्झोचे शेत

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या बुधवाऱ्यातील घराच्या ओसरीवर रोज सायंकाळी सात-आठ मुले जमत असत. बहुतेकांच्या घरी केळीची वा कपाशीची शेती. शाळेत ती हिंदीतून शिकतात, घरी मराठी बोलतात. मात्र मराठी पुस्तक हाती दिले की अडखळतात. त्यांना मी लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची ‘फार्मर बॉय’ ही कादंबरी मराठीतून सांगू लागलो. घरात ‘श्यामची आई’ असताना हे परदेशी पुस्तक कशाला, असे सौभाग्यवतींनी विचारलेच. श्याम त्यांना आयांकडून ठाऊक झाला होता, आणि मला शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट हवी होती.

योगायोग असा की, दोन्ही पुस्तकांशी १९३३ हे साल निगडित आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि त्याच वर्षी ‘फार्मर बॉय’ प्रसिद्ध झाली. श्यामच्या घरी सावकाराचा माणूस वसुलीला येऊन बसतो. आल्मान्झोच्या घरी मात्र कोठार भरलेले, गोठा भरलेला, आणि ताटात पदार्थांची अशी रेलचेल की ऐकता ऐकता आमच्या मुलांना भूक लागे! हा आल्मान्झो म्हणजे लेखिकेचे पतीच. त्यांचा जन्म १८५७ चा, न्यूयॉर्क राज्यात कॅनडाच्या सरहद्दीजवळील मलोन गावालगतचा.

नवव्या वाढदिवशी वडील त्याला लहानसे जू करून देतात आणि तो दोन वासरांना वळण लावू लागतो. हे प्रकरण मुलांनी दोनदा सांगावयास लावले. ‘जू’ त्यांना समजले; ‘शिवळ’ म्हणजे काय, हे मात्र एकालाच सांगता आले. बाकीच्यांच्या घरी आता ट्रॅक्टर आहे. जुलैच्या ऐन रात्री थंडी उतरते आणि मका वाचविण्यासाठी सारे घर उठून, ऊन पडण्यापूर्वी रोपारोपाला पाणी घालते, तेव्हा ओसरी अगदी निःशब्द झाली. मे-जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी झालेली या मुलांनी पाहिली आहे.

माझे मन अडकले ते अर्ध्या डॉलरपाशी. आल्मान्झो सरबतासाठी एक लहान नाणे मागतो. वडील अर्धा डॉलर पुढे धरतात आणि एवढ्या पैशांत किती बटाटे येतात, ते पिकवायला काय काय करावे लागते, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतात. मग नाणे त्याला देऊन टाकतात. सरबत घे नाहीतर डुकराचे पिल्लू, तुझे तू ठरव! त्याने पिल्लू घेतले. अखेरच्या प्रकरणात गावचा गाडे बनविणारा कारागीर त्याला उमेदवार म्हणून मागतो. आईला ते साफ नापसंत. वडील दोन्ही धंद्यांतले बरेवाईट समजावतात आणि मुलालाच विचारतात. तो शेती निवडतो.

येथे एक मुलगा म्हणाला, “सर, आमचे बाबा विचारत नाहीत. म्हणतात, काहीही हो, शेतकरी होऊ नको.” त्याच्या वडिलांना मी ओळखतो. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः शेतकऱ्याचाच मुलगा असून नोकरीत पडलो.

पुढची हकीकत पुस्तकात नाही. ती सांगावी की नाही, या विचारात मी एक दिवस काढला आणि अखेर सांगितली. आल्मान्झो वाइल्डर मोठेपणी डाकोटात शेती करू लागले, तेव्हा अवर्षणांनी पिके गेली, कर्ज झाले, घर जळाले. १८८८ मध्ये घटसर्पाने आजारी पडल्यावर चालणेही कायमचे अधू झाले. १८९४ मध्ये पतिपत्नी मुलीला घेऊन गाडीतून मिसूरी राज्यातील मॅन्सफील्डला गेली. भरल्या कोठाराचे हे पुस्तक लेखिकेने तेथेच लिहिले, तेही अमेरिकेतील महामंदीच्या दिवसांत.

“मग तिथे त्यांनी काय केले?” त्याच मुलाने विचारले.

“शेतीच. सफरचंदाची बाग लावली.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, सफरचंदाला फळ यायला किती वर्षे लागतात? आमच्या केळीला तर वर्षभर पुरते.”

मला नेमके सांगता येईना. उद्या पाहून सांगतो, म्हणालो.