ॲक्युट ल्युकेमिया: बदल नेमका कोणत्या जनुकात?

घरात कुणाला ॲक्युट ल्युकेमिया झाला की नातेवाइकांना मुलाबाळांची धास्ती वाटते. बहुतेक वेळा ती अनाठायी असते. या आजारामागचा जनुकीय बदल सहसा आईवडिलांकडून येत नाही. अस्थिमज्जेतल्या एखाद्या पेशीत तो पुढे कधीतरी घडतो आणि तिच्या वंशातल्या पेशींपुरताच राहतो. थोड्या कुटुंबांत मात्र दोष आनुवंशिक असतो, म्हणून घराण्यातले आजार डॉक्टरांना मोकळेपणी सांगावेत.

एएमएल (ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया) झालेल्या सुमारे एक तृतीयांश प्रौढांत एनपीएम१ हे जनुक बदललेलं असतं. सोबत एफएलटी३ जनुकातला आयटीडी हा बदल नसेल तर केमोथेरपीचा गुण येण्याची आशा अधिक. असेल तर आजार उलटण्याची भीती वाढते, आणि मिडोस्टॉरिनसारखं औषध जोडलं जातं.

एएमएलचाच एक प्रकार असलेल्या एपीएलची (ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) कथा सर्वांत विलक्षण. गुणसूत्र १५ आणि १७ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक तयार होतं. एकेकाळी रक्तस्रावाने झटपट जीव घेणारा हा प्रकार आज एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड या औषधांनी, अनेकदा केमोथेरपीशिवाय, बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. पहिले दिवस मात्र फार धोक्याचे; संशय येताच, रिपोर्टची वाट न पाहता एट्रा सुरू करावं लागतं.

नाशिकहून परळच्या टाटा रुग्णालयात, किंवा १९४१पासून चाललेल्या या संस्थेच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात जाणाऱ्यांनी अस्थिमज्जेच्या स्लाइड्स आणि सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत. केमो सुरू होण्याआधीच जनुक तपासणीचा नमुना घेतला आहे ना, हे जरूर विचारावं. पुढे उरलेला आजार शोधताना त्याच बदलाचा माग काढला जातो.