एअर फ्रायर घेण्याआधी भिंतीतला पॉइंट पाहा

मागच्या दिवाळीत आमच्या चाळीतल्या एका घरी एअर फ्रायर आला. थोरल्या मुलीला बोनस मिळाला होता. वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन सहा महिने झालेले. डॉक्टरांनी तळलेले बंद केले होते आणि ताटात बोंबील नाही म्हणून ते रोज अर्ध्या जेवणावरून उठत. मुलीने बाबांसाठी म्हणून हौसेने यंत्र आणले. चौथ्या दिवशी जळका वास आला. वहिनींनी पाहिले तर एक्स्टेन्शन बोर्डाचे प्लॅस्टिक वितळून काळे पडले होते. यंत्राची जाड पिन त्या बोर्डात बसेना, म्हणून कन्व्हर्टर लावला होता. त्याच बोर्डावर टीव्ही आणि फ्रिजही होता. शेजारच्या पोराने धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून निभावले.

भगिनींनो, जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. आपल्या घरातला साधा पॉइंट सहा अँपिअरचा असतो. २३० व्होल्टच्या हिशेबाने तो जेमतेम १३८० वॅट सोसतो. बहुतेक एअर फ्रायर १४०० ते १७०० वॅटचे असतात. म्हणूनच कंपनी जाड पिन देते. तिला भिंतीतला सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो आणि त्याला अर्थिंग लागते. जुन्या चाळीत, जिथे वायरिंग तीस-चाळीस वर्षांचे आहे, तिथे आधी वायरमन बोलवावा आणि मगच दुकानात जावे. पॉइंटचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

आता हे यंत्र आहे तरी काय? नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते बाजारापुढे आणले. नाव ‘फ्रायर’ असले तरी आत तळण होत नाही. वर तापणारी कॉइल असते, तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा असतो आणि खाली जाळीची टोपली असते. गरम वारा पदार्थाभोवती फिरतो, वरचे पाणी सुकवतो आणि पदार्थ बाहेरून कुरकुरीत होतो. म्हणजे हा पंखा लावलेला छोटा ओव्हनच. एवढे समजले की काय जमेल आणि काय नाही, हे आपले आपल्याला कळते.

भजी जमत नाहीत. ओले बेसन कढईतल्या तेलात पडताच धरते. इथे ते धरायच्या आत जाळीतून खाली गळते. बटाटेवड्याचेही तेच. पुरी तर विसराच. पापड भाजतो, पण हलका असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो, म्हणून त्यावर छोटी स्टीलची जाळी ठेवावी. उकडून कापलेली कोथिंबीर वडी आणि अळूवडी मात्र झकास होते. शेंगदाणे छान भाजतात, पण मधूनमधून हलवावे लागतात. भरताचे वांगे भाजते, मात्र विस्तवावरचा धुराचा वास येत नाही. ओल्या बोंबलाचे पाणी वजनाखाली दाबून काढावे, मसाला आणि रवा लावावा, वरून ब्रशने चमचाभर तेल फिरवावे आणि दोनशे डिग्रीवर पंधरा मिनिटे ठेवावे, मध्ये एकदा उलटावे. तेल अजिबात नको असा हट्ट धरू नये. कोरडा रवा पांढराच राहतो आणि घशाला लागतो.

लिटरच्या आकड्यावर भुलू नका. दुकानदार चार लिटर, सहा लिटर म्हणून सांगतो, पण पदार्थ एकावर एक रचला की वारा फिरत नाही आणि खालचे तुकडे वाफेत शिजतात. खरे माप टोपलीच्या तळाचे. दुकानात टोपली बाहेर काढायला सांगावी आणि आपल्या घरच्या माणसांना पुरतील एवढे माशाचे तुकडे एका थरात बसतील का, हे हाताने मापून पाहावे. गोल टोपलीपेक्षा चौकोनी टोपलीत जास्त मावते. पाच माणसांच्या घरात चार लिटरची टोपली दोनदा लावावी लागते आणि दुसरी खेप होईपर्यंत पहिल्या खेपेतले गार होते. टचचे बटण की फिरवायचे? माझे मत फिरवायच्या बटणाचे. सासूबाईंनाही कळते.

विजेचा हिशेब असा. १५०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर फार तर अर्धा युनिट. रोज लावले तर महिन्याला पंधरा युनिट. ज्यांचे बिल शंभर युनिटच्या आत बसते त्यांनी जपावे, कारण शंभराच्या वरच्या युनिटांना महावितरणचा दर चढा आहे.

टोपलीवर नॉनस्टिकचा थर असतो. तारेच्या घासणीने घासले की तो निघू लागतो. गरम पाण्यात भिजत ठेवून मऊ फडक्याने पुसावे. सुटी टोपली आपल्या गावात मिळते का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागून गरम हवा निघते आणि दहा बाय बाराच्या खोलीत मागे बहुधा कॅलेंडर नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी लटकत असते.

हृदयाच्या रोग्यासाठी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. फ्रोझन फ्राइजची पाकिटे कारखान्यातूनच अर्धी तळून येतात. ती फ्रायरमध्ये टाकली म्हणजे तेलाविना झाली असे नाही. आणि मीठ कोणतेच यंत्र कमी करीत नाही. सुके बोंबील मुळातच खारट असतात, ते किती खावेत हे डॉक्टरांनाच विचारावे.

महिन्यातून दोनदाच तळण होत असेल, तर तीन-चार हजारांचा हप्ता कशाला? लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात मांदेली छान होतात. पण घरात रोज तळण लागत असेल आणि तेच तेल पुन्हापुन्हा तापवले जात असेल, तर यंत्राचा विचार जरूर करावा. वारंवार तापवून तेल खराब होते, म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील पोलर घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरातल्या कढईतले तेल तपासायला कोण येणार?

त्या घरी आता भिंतीत नवा पॉइंट बसला आहे. वहिनी सांगत होत्या, उकळत्या तेलाची भीती नाही म्हणून धाकटा मुलगा आता स्वतःच बोंबील लावतो आणि त्या तेवढा वेळ बाहेर ओट्यावर येऊन बसतात. बाबांची तक्रार एवढीच, की कढईतल्यासारखा चर्र आवाज येत नाही.